नरक्याचे झाड, हळदीचा डबा आणि आतड्याचा कर्करोग

शौचावाटे रक्त पडू लागले की आपल्या वस्तीत पहिला शब्द निघतो तो मूळव्याधीचा. मग कुणी सुरणाची भाजी खायला सांगते, कुणी ताक प्यायला सांगते, तर कुणी बसस्टँडजवळच्या ‘विना ऑपरेशन, एका इंजेक्शनात मूळव्याध गायब’ अशा पाटीकडे बोट दाखवते. बहुतेक वेळा ती मूळव्याधच असते, हे खरे. पण काही वेळा ती मूळव्याध नसते. मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग सुरुवातीला असाच, थोडे थोडे रक्त दाखवत येतो. पुढे त्याचे निदान झाले की आठ दिवसांत मोबाईलवर निरोप सुरू होतात. हळदीचे पाणी प्या, लक्ष्मणफळाची पाने उकळून घ्या, सदाफुली चावून खा, केमोची गरजच नाही.

या लेखात झाडपाल्याची टिंगल करायची नाही. आतड्याच्या कर्करोगावर आज जगभर वापरले जाणारे एक महत्त्वाचे औषध झाडातूनच आलेले आहे. त्याचे मूळ द्रव्य शोधणाऱ्या दोघा शास्त्रज्ञांपैकी एक जण आपल्या महाराष्ट्रातला होता आणि ते द्रव्य असलेले एक झाड आपल्या सह्याद्रीत वाढते. ही गोष्ट नीट समजून घेतली की मोबाईलवरच्या कोणत्या निरोपावर किती विश्वास ठेवायचा, हे आपले आपल्यालाच ठरवता येते.

नंदुरबारचा शास्त्रज्ञ

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते पुढे अमेरिकेला गेले, डॉक्टरेट मिळवली आणि १९६२ पासून नॉर्थ कॅरोलिना राज्यातील एका संशोधन संस्थेत मन्रो वॉल या शास्त्रज्ञासोबत काम करू लागले. कर्करोगावर उपयोगी पडेल असे काही झाडांमध्ये सापडते का, हा त्यांच्या शोधाचा विषय होता. चीनमध्ये वाढणाऱ्या एका झाडाच्या अर्काने उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर परिणाम दाखवला होता. त्या अर्कातले नेमके कोणते द्रव्य काम करते, ते वेगळे काढून वॉल आणि वाणी यांनी १९६६ साली जाहीर केले. त्या द्रव्याचे नाव कॅम्प्टोथेसिन. याच जोडीने १९७१ साली दुसऱ्या एका झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हे द्रव्य शोधले. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते.

इकडे मुंबईत गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन हे शास्त्रज्ञ भारतीय वनस्पतींचा अभ्यास करत होते. १९७२ साली त्यांनी दाखवून दिले की चीनच्या झाडातले तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या पश्चिम घाटातल्या एका झाडातही आहे. मराठीत त्या झाडाला नरक्या म्हणतात. त्याला येणाऱ्या घाण वासावरून हे नाव पडले. कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्गच्या भरपूर पावसाच्या रानात ते वाढते. आपल्या नांदेड-लातूरच्या कोरड्या मुलखात ते नाही.

चांगले द्रव्य सापडले, तरी औषध झाले नाही

इथे गोष्ट संपली असती, तर ‘नरक्याची साल उकळून प्या’ असे सांगता आले असते. पण पुढे काय झाले ते महत्त्वाचे आहे. १९७०च्या सुमारास अमेरिकेत हे द्रव्य रुग्णांना देऊन पाहिले गेले. मूळ द्रव्य पाण्यात विरघळत नव्हते, म्हणून त्याचा क्षार करून शिरेतून दिला. रुग्णांना जबर उलट्या-जुलाब झाले, रक्तातल्या पेशी कमी झाल्या, काहींच्या लघवीवाटे रक्त जाऊ लागले. त्या मानाने गाठी काही फारशा कमी झाल्या नाहीत. चाचण्या थांबवाव्या लागल्या. उंदरावर गुणकारी ठरलेले द्रव्य माणसावर तोकडे पडले.

ते द्रव्य पुन्हा पुढे आले ते ते कसे काम करते, हे कळल्यावर. पेशी दुभंगताना तिच्यातला डीएनएचा दुपदरी धागा उलगडावा लागतो. सुंभाची दोरी उलगडताना पुढे पीळ जसा साचत जातो, तसा या धाग्यातही साचतो. तो सोडवण्यासाठी पेशीतले एक विकर धाग्याचा एक पदर कापते, पीळ जाऊ देते आणि पदर पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या कापलेल्या जागी अडकून बसते. पदर जोडला जात नाही, धागा तुटतो आणि पेशी मरते. १९८५ साली हे उलगडले. तोवर जपानमधील याकुल्ट कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मूळ द्रव्याच्या रचनेत बदल करून पाण्यात विरघळणारे नवे औषध बनवले होते. त्याचे नाव इरिनोटेकॅन. १९९४ साली जपानमध्ये त्याला प्रथम मान्यता मिळाली आणि १९९६ साली अमेरिकेत ते मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मंजूर झाले. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. आज भारतीय कंपन्याही ते बनवतात.

म्हणजे झाडातून द्रव्य निघाले १९६६ साली आणि आतड्याच्या रुग्णाच्या सलाइनमधून औषध म्हणून ते पोहोचले तीस वर्षांनी. ही तीस वर्षे कशासाठी लागली? द्रव्य वेगळे करायला, त्याचे काम समजायला, त्यातला घातक भाग आटोक्यात आणायला, मात्रा ठरवायला आणि शेकडो रुग्णांवर तपासून पाहायला. झाडाची साल आणि औषधाची बाटली यांच्यामध्ये हे सगळे काम उभे आहे.

आजही इरिनोटेकॅन सौम्य नाही. रुग्णाची उंची आणि वजन मोजून त्याची मात्रा ठरवतात, दर वेळी आधी रक्त तपासतात. जुलाब, केस गळणे, पांढऱ्या पेशी कमी होणे हे त्रास होतातच, कारण आतड्याचे अस्तर, केसांची मुळे आणि रक्त तयार करणाऱ्या पेशीही भराभर दुभंगत असतात आणि औषधाचा मार त्यांनाही बसतो. डॉक्टरांच्या नजरेखाली, मोजून दिलेल्या औषधाचे हे असे आहे. मग न मोजलेली, न तपासलेली साल वाटून पिणे किती धोक्याचे असेल, याचा विचार करावा. वाळलेल्या सालीत हे द्रव्य असते अगदी थोडे, आणि प्रत्येक झाडात त्याचे प्रमाण वेगळे. कमी पडले तर रोग वाढतो, जास्त झाले तर माणूस दगावू शकतो.

नरक्याचेही यात हाल झाले. औषधाला मागणी आली तसे सह्याद्रीतले नरक्याचे खोड आणि मुळे तोडून चोरून विकली जाऊ लागली. वनविभागाने अशी वाहने पकडल्याच्या बातम्या कोल्हापूर-सिंधुदुर्गकडून अनेक वेळा आल्या. रानातले लाकूड तोडणाऱ्या गरीब माणसाच्या हाती चार पैसे आणि मागे पोलिसांचा ससेमिरा, तर खरा नफा दूरच्या व्यापाऱ्याला.

हळदीबद्दल खरे काय?

हळद तर आपल्या दारातली. नांदेड, हिंगोली, वसमत हा हळदीचा पट्टा. तिच्यातले पिवळे द्रव्य म्हणजे कुरकुमीन. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत कुरकुमीन आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी मारते, हे अनेकदा दिसले आहे. मोबाईलवरचे निरोप इथेच थांबतात. पण बशीतल्या पेशी मीठ घातले तरी मरतात. खरा प्रश्न माणसाच्या शरीरात काय होते, हा आहे.

त्याचेही प्रयोग झाले. अमेरिकेत २०११ साली जाहीर झालेल्या एका लहान अभ्यासात धूम्रपान करणाऱ्या लोकांना रोज ४ ग्रॅम कुरकुमीन महिनाभर दिले, तेव्हा आतड्याच्या अस्तरातल्या अगदी सुरुवातीच्या बारीक विकृती कमी दिसल्या. त्यामुळे आशा वाढली. मग २०१८ साली दुसरा अभ्यास जाहीर झाला. घराण्यातून येणाऱ्या एका आजारात आतड्यात शेकडो पॉलिप उगवतात. पॉलिप म्हणजे चामखिळीसारखी गाठ. तिच्यातूनच पुढे कर्करोग होऊ शकतो. अशा ४४ रुग्णांपैकी काहींना रोज ३ ग्रॅम कुरकुमीन आणि काहींना औषध नसलेल्या तशाच गोळ्या बारा महिने दिल्या. वर्षाअखेर दोन्ही गटांत पॉलिपची संख्या आणि आकार यांत फरक आढळला नाही.

आता घरचा हिशेब करू. हळदीच्या पुडीत कुरकुमीन साधारण ३ टक्के असते. ३ ग्रॅम कुरकुमीन मिळवायचे तर रोज १०० ग्रॅम हळद खावी लागेल. चमचाभर हळदीच्या दुधातून जेमतेम ९० मिलिग्रॅम मिळते आणि त्यातलेही रक्तात फारच थोडे उतरते. म्हणून वरणातली, भाजीतली हळद चालू राहू द्या, ती आपल्या जेवणाचा भाग आहे. पण तिला कर्करोगाचे औषध समजू नका. बाजारात मिळणाऱ्या कुरकुमीनच्या महागड्या गोळ्या तर आणखी सांभाळून. रक्तात जास्त उतरावे म्हणून त्यांत मिऱ्याचा अर्क घालतात. अशा गोळ्यांनी काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

दारातली सदाफुली

सदाफुली आपल्याकडे घरोघर, विहाराच्या अंगणात, डब्यात-कुंडीत असते. तिच्यापासून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही कर्करोगाची दोन औषधे मिळाली, हे अगदी खरे आहे. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टीनने असंख्य जीव वाचवले. पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, ही औषधे आतड्याच्या कर्करोगावरची नाहीत. एका वनस्पतीचे औषध एका कर्करोगाला लागू पडले म्हणून ते दुसऱ्यालाही लागू पडेल, असे नसते. दुसरी, शेकडो किलो वाळलेल्या पानांतून हे द्रव्य ग्रॅमच्या मापाने निघते आणि ते शिरेतूनच द्यावे लागते. पाने चावून ते औषध मिळत नाही, पण पानांतल्या इतर विषारी द्रव्यांचा त्रास मात्र होऊ शकतो. मधुमेहासाठी सकाळी सदाफुलीची पाने खाणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. लक्ष्मणफळाच्या पानांबद्दलही तेच. बशीतल्या पेशींपलीकडे, माणसाचा कर्करोग त्याने बरा होतो असे दाखवणारी चाचणी नाही.

आणखी एक धोका आहे. केमो चालू असताना गुपचूप घेतलेला झाडपाला औषधाचे बळच काढून घेऊ शकतो. युरोपात सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती मन उदास असताना घेतात. इरिनोटेकॅन घेणाऱ्या ५ रुग्णांना ती देऊन पाहिली, तेव्हा रक्तातल्या खऱ्या कामाच्या द्रव्याचे प्रमाण ४२ टक्क्यांनी घटले. म्हणून कुठलाही काढा, चूर्ण, अर्क चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. त्याची पुडी किंवा बाटलीच सोबत न्या. डॉक्टर रागावतील ही भीती बाळगू नका. न सांगितल्याचे नुकसान आपल्याच माणसाचे होते.

जीवकाने काय केले?

वनस्पती आणि आतडे या दोहोंबाबत आपल्या परंपरेतली एक गोष्ट इथे आठवावी अशी आहे. भगवान बुद्धांचे वैद्य जीवक यांची कथा विनयपिटकातील महावग्गात येते. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर आचार्यांनी त्यांना सांगितले, चहूबाजूंना योजनभर फिर आणि औषध नाही अशी वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतले. औषध नसलेली वनस्पती त्यांना सापडली नव्हती. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते.

त्याच कथेतला पुढचा प्रसंग कमी सांगितला जातो. वाराणसीच्या एका श्रेष्ठीच्या मुलाच्या आतड्याला खेळता खेळता पीळ बसला. त्याला अन्न पचेना, तो वाळत चालला. प्रत्येक वनस्पतीचा गुण जाणणाऱ्या जीवकांनी त्याला नुसता काढा दिला नाही. त्यांनी पोट उघडले, आतड्याचा पीळ सोडवला आणि पोट शिवून वर लेप लावला. कुठे वनस्पती आणि कुठे शस्त्र, हे ओळखणे म्हणजेच वैद्यकी.

आतड्याच्या कर्करोगात आजही पहिले साधन शस्त्रक्रियाच आहे. गाठ जागच्या जागी असताना ती काढली तर अनेक रुग्ण पूर्ण बरे होतात. गुदाशयाच्या कर्करोगात अनेकांना किरणोपचारही लागतात. केमो त्यांच्या जोडीला असते आणि इरिनोटेकॅन मुख्यतः रोग पसरल्यावर कामी येते. अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की रोग आतड्यापुरता असताना सापडला तर दहापैकी नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला तर सातांपैकी एखादाच. काढा पिण्यात घालवलेल्या सहा महिन्यांची किंमत ही अशी असते.

केव्हा आणि कुठे दाखवावे

पुढील गोष्टी दोन-तीन आठवड्यांहून जास्त राहिल्या तर दाखवायला जावे: शौचावाटे रक्त किंवा शेंब पडणे, नेहमीची सवय बदलून कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब होणे, जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्यासारखे वाटणे, पोटात सारखा मुरडा किंवा गाठ लागणे, कारण नसताना वजन उतरणे. रक्त कमी होऊन थकवा येणे हेही एक लक्षण आहे. बाईमाणसाचा थकवा आपण ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्यांवर सोडून देतो. पाळी बंद झालेल्या बाईचे किंवा कुठल्याही पुरुषाचे रक्त कमी भरले, तर ते कुठे जाते आहे हे शोधलेच पाहिजे. चाळिशी-पन्नाशीनंतर जास्त जपावे, पण आपल्या देशात हा रोग तरुणांतही दिसतो. घरात आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला तो झाला असेल, तर लक्षणे नसली तरी डॉक्टरांना तसे सांगावे.

तपासणीला लाजू नये. डॉक्टर आधी गुदद्वारातून बोटाने तपासतात. दोन मिनिटांच्या या तपासणीत गुदाशयाच्या खालच्या भागातल्या पुष्कळ गाठी हाताला लागतात. पुढे गरज पडल्यास दुर्बिणीने आतडे पाहतात आणि तुकडा काढून तपासायला पाठवतात. तुकड्याने कर्करोग पसरतो, हा गैरसमज आहे. स्त्रियांनी स्त्री डॉक्टर किंवा सोबत परिचारिका मागावी, तो त्यांचा हक्क आहे.

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून करता येते. आशाताईंना सोबत घ्या. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तिथल्या शस्त्रक्रिया विभागाच्या ओपीडीत दाखवावे. पुढच्या उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. लातूरकरांना बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयही जवळ पडते. मुंबईत परळला टाटा रुग्णालय आहे. तिथे राहण्याचा प्रश्न आला तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण आणि नातेवाईक उतरतात, हे माहीत असू द्या.

पैशाअभावी थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमो यांचा त्यात समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. १५५३८८ या क्रमांकावरही चौकशी करता येते. उपचारासाठी रेल्वेने जाताना कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत असते, सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. एसटीतही सवलत आहे.

वनस्पतींची खरी मदत ताटात

आतड्याच्या बाबतीत वनस्पती आपल्याला सर्वांत जास्त उपयोगी पडते ती रोग होण्याआधी, आणि ती स्वस्तही आहे. ज्वारीची भाकरी, तुरीची-मुगाची डाळ, तांदुळजा, अंबाडी, चुका, शेंगा, मोड आलेली कडधान्ये यांत चोथा भरपूर असतो. असा चोथा आणि अख्खी धान्ये रोज खाणाऱ्यांत आतड्याचा कर्करोग कमी दिसतो, हे जगभरच्या मोठ्या अभ्यासांत आढळले आहे. मैद्याची बिस्किटे, टोस्ट आणि पाव यांनी आपल्या मुलांच्या ताटातली भाकरी हलवली आहे. ती परत आणायला हवी. दारू, तंबाखू, सुटलेले पोट आणि बैठे काम यांनी धोका वाढतो. लाल मांस फार वारंवार खाल्ल्यानेही वाढतो, आणि टिकवण्यासाठी प्रक्रिया केलेल्या मांसाने तर नक्कीच. यात कुणाचे अन्न श्रेष्ठ आणि कुणाचे हलके, असा प्रश्न नाही. आपल्या आज्यांच्या ताटात मांस रोज नसे आणि जेव्हा असे, तेव्हा शेजारी भाकरी आणि पालेभाजी असे. ते प्रमाण सांभाळले तरी पुष्कळ झाले.

भाकरीने झालेला कर्करोग बरा होत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून रक्त दिसले आणि समोरचा माणूस नुसते ऐकून ‘मूळव्याध आहे, ही पुडी घ्या’ म्हणाला, तर त्याला एवढेच विचारा: तुम्ही बोटाने तपासून पाहिले का? नसेल, तर तिथून उठा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीचा कागद काढा.